चौथा खड्डा

"आठवत नाय रे बाबा," असं मी सम्यकला पहिल्यांदा म्हणालो, तेव्हा मला सगळं लख्ख आठवत होतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं काही मला इतक्या खात्रीनं सांगता येणार नाही.

मी नानासाहेब. वय पंच्याहत्तर, आणि गुडघे माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे. गाव बोरमाळ, खुलताबादच्या अलीकडं, डोंगराच्या उताराला. गावाच्या वरच्या अंगाला माझी चौदा एकर जमीन. चार वर्षांपूर्वी ती सोलर कंपनीला भाड्यानं दिली. जिथं मी बाजरी आणि तूर काढली तिथं आता काळ्या-निळ्या प्लेटांच्या रांगा आहेत. पॅनल वगैरे शहरात म्हणतात, आमच्याकडं प्लेटाच. सगळ्या एकसारख्या, सगळ्यांची तोंडं दक्षिणेला. शाळेच्या कवायतीलासुद्धा पोरं इतकी शहाण्यासारखी उभी राहत नाहीत.

प्लेटांनी वीज दिली, पण माती घालवली. कंपनीच्या मशीननी माळ सपाट करताना माझे जुने बांध मोडले, झाडं आणि गवत खरवडून काढलं. मग पाऊस प्लेटांवर पडायचा, कडेवरून एका रेघेत खाली यायचा आणि मोकळी माती घेऊन उताराला पळायचा. सगळं पाणी जमा व्हायचं पश्चिमेच्या कोपऱ्यात आणि तिथून कुंपणाखालून थेट लीलाबाईच्या दोन एकरांत. तीन पावसाळ्यांत तिच्या रानाच्या मधोमध घळ पडली. आत माणूस उभा राहिला तर छातीपर्यंत बुडेल एवढी. गेल्या वर्षी ती घळ लीलाबाईच्या विहिरीपासून पाच-सहा पावलांवर येऊन थांबली. यंदा ती विहीर घेणार, हे सांगायला कुणी इंजिनिअर लागत नव्हता.

लीलाबाई म्हणजे भीमनगरातल्या मोतीरामची बायको. मोतीरामला जाऊन नऊ वर्षं झाली. हे दोन एकर त्याला गायरानातून मिळाले होते, आणि गायरान म्हणजे काय, तर गावानं टाकून दिलेले दगड. नवरा-बायकोनं ते वेचून वेचून रान केलं. त्यांचा नातू सम्यक. डिप्लोमा करून तो याच कंपनीत लागला. चिकलठाण्याला खोली करून राहतो आणि रोज मोटारसायकलवर इकडं येतो. पाणी अडवणं आणि माती धरून ठेवणं हे काम त्याच्याकडं. पोरगा गुणी आहे, मोठ्यानं बोलत नाही, आणि मला नाना म्हणताना त्याच्या तोंडातून ते खरंच नाना असल्यासारखं येतं. माझी सगळी पंचाईत तिथंच झाली.

गावाला बरोबर घेऊन माती वाचवायची असं कंपनीनं ठरवलं, तेव्हा गावात माती समिती झाली आणि तिचा अध्यक्ष झालो मी. जमीन माझी, वय माझं, आवाजही माझाच मोठा. ग्रामसभेत मी दणकून भाषण केलं. माती ही आई आहे, बांध कोरणाऱ्याचं सात पिढ्या भलं होत नाही, वगैरे. सव्वीस जानेवारीला शाळेत मला शाल आणि नारळ मिळाला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. नारळाची चटणी सुरेखानं, म्हणजे माझ्या सुनेनं, चांगली केली होती. ती मी ताटातच ठेवली, हे कुणाला दिसलं नाही.

काम झकास चाललं होतं. गावानं श्रमदान केलं, प्लेटांच्या रांगांमधे आडवे चर खोदले, दगडी बांध रचले, गवताचं बी आणून ठेवलं. राहिला फक्त सांडवा. म्हणजे जे पाणी चरात मावणार नाही त्याला बाहेर पडायची वाट. मे महिन्याच्या सुरुवातीला सम्यक ओसरीवर नकाशा पसरून बसला.

"नाना, सांडवा मुरमात काढला तर पहिल्याच पावसात तिथं दुसरी घळ पडंल. खाली खडक पायजे. तुमच्या रानातून आधी एक नाला जायचा ना? खडकावरनं वाहायचा म्हणत्यात."

"नकाशात दिसत नाय का?"

"दिसतो, पण नेमका घडीवर. निजामाच्या टायमाचा नकाशा, घडीवर फाटलाय." त्यानं बोट ठेवलं तिथं खरंच नुसता चिकटपट्टीचा पिवळा डाग होता. "एवढं कळतंय की नाला खालच्या कुंपणापाशी कुठंतरी बाहेर पडायचा. दोनशे मीटरच्या आत. पण त्या पट्टीत खाली वायरी हाईत. कंपनीनं चारच खड्डे घ्यायची परवानगी दिली. पावसाच्या आत चारात खडक लागला तर सांडवा तिथं, नाय तर यंदा कामच बंद. आन मंग आजीची विहीर गेली."

मग त्यानं माझ्याकडं बघितलं. "तुमच्याबिगर कोण सांगणार? नाला कुठनं जायचा?"

तेव्हा मी ते वाक्य म्हणालो.

नाला कुठून जायचा हे मला आठवत होतंच, पण तो कुणी बुजवला हेही आठवत होतं. नाला माझ्या रानाचे दोन तुकडे करायचा. औत सरळ चालवता यायचं नाही, दर वेळी बैल सोडून पलीकडं न्यायचे. त्र्याऐंशी आणि चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात, दोन वर्षं, मी बैलगाडीनं दगड आणि माती टाकून तो नाला वरपासून खालपर्यंत बुजवला. वरच्या तोंडाशी आडवा बांध घातला आणि पाणी पश्चिमेला वळवलं. पश्चिमेला खाली मोतीरामचं रान. हे मला माहीत नव्हतं असं म्हणायची माझी हिंमत नाही.

पहिल्या पावसानंतर मोतीराम आला होता. ओसरीच्या खाली उभा राहिला, टोपी हातात घेऊन. "नाना, पाणी हिकडं कसं काय वळलं?" असं त्यानं विचारलं. मी सुपारी कातरत होतो. "पाण्याला कोण इचारतं?" असं म्हणालो आणि हसलो. बरोबरचे दोघं-तिघंही हसले. मोतीराम परत गेला. त्यानंतर तीस वर्षं दर उन्हाळ्यात तो आपल्या रानाच्या वरच्या अंगाला दगडांचा बांध रचायचा आणि दर पावसाळ्यात पाणी तो थोडा मोडायचं. परत कधी विचारायला आला नाही.

आता त्याच्या नातवाला मी काय सांगणार होतो? अध्यक्ष महाराजांनीच नाला खाल्ला म्हणून?

पहिला खड्डा सम्यकनं नकाशाच्या अंदाजानं घेतला. मुरूम. दुसराही मुरूम. तिसऱ्याच्या वेळी तो मला गाडीवर बसवून वर घेऊन गेला. "नाना, नुसतं उभं राहा. कधी कधी जाग्यावर गेल्यावर आठवतं." मी उभा राहिलो. त्याची आशा बघवेना, म्हणून मी काठी उचलली आणि खऱ्या जागेपासून मुद्दाम लांब टेकवली. "हितं असंल." जेसीबीनं पुरुषभर उकरलं. लालसर मुरूम वर आला, कोरडा ठणठणीत.

"असू द्या नाना," सम्यक म्हणाला. "वय झालं. व्हतं असं."

त्यानं मला सावलीत बसवून पाणी दिलं. बाटलीचं झाकणसुद्धा त्यानंच उघडलं. मला इतकी शरम वाटली की पाणी प्यायलाही जमेना, आणि ते बघून त्याला वाटलं म्हातारा आणखीच खचला.

गावात बातमी फिरली की नानाचं डोकं चालेनासं झालं. झोपलेल्याला जागं करता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही, असं म्हणतात. विसरण्याचं सोंग घेतलेल्याला तर सगळं गाव मिळून थोपटतं. सुरेखानं डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या. साखर, मीठ, नानांच्या सकाळच्या गोळ्या. अंगणात गेलो तरी "कुठं निघाले नाना?" म्हणून मागं यायची. मला वाचता येतं, मीठ ओळखता येतं, हे मी तिला कसं सांगणार? सांगितलं असतं तर सोंग उघडं पडलं असतं. म्हणून मी अधूनमधून चुकायचो. चहा झाला असताना चहा मागायचो. एकदा सुरेखाला विचारलं, "मोतीराम येऊन गेला का?" ती घाबरली. मीही घाबरलो. हे मी सोंग म्हणून विचारलं होतं, की तोंडातून आपोआप निघालं होतं? मला तेव्हाही सांगता आलं नाही, आजही येत नाही.

शेवटी माझा मुलगा ऋतुराज कारखान्यातून रजा घेऊन मला शहरात डॉक्टरकडं घेऊन गेला. क्रांती चौकाजवळचा दवाखाना, तिसरा मजला, लिफ्टमधे आरसा. आरशात मी बराच शहाणा दिसत होतो. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला गोड.

"आजोबा, मी तीन शब्द सांगते, ते लक्षात ठेवा. मी नंतर विचारीन. चावी, गाय आणि..." तिसरा शब्दही त्यांनी सांगितला. मग वार विचारला. मंगळवार होता, मी गुरुवार म्हणालो. ऋतुराजचा चेहरा पडला. पोटच्या पोराला फसवताना बरं वाटत नाही, पण एकदा गाडी उताराला लागली की ब्रेकला पाय पोचत नाही. मग त्यांनी घड्याळ काढायला सांगितलं, अकरा वाजून दहा मिनिटं झालेलं. मी थोडं चुकवायचं ठरवलं. काटे काढले. आणि काढल्यावर बघतच राहिलो. हे मी चुकवलं होतं की हेच बरोबर होतं? मोठा काटा दहावर द्यायचा की दोनवर? मनाशी मिनिटं मोजायला लागलो आणि मधेच कुठंतरी हरवलो. डॉक्टरीणबाईंनी कागद हळूच काढून घेतला.

"आता ते तीन शब्द सांगा बघू."

मी दोन सांगायचे आणि तिसरा गिळायचा असं ठरवलं होतं. "चावी, गाय," म्हणालो. आणि गिळायला तिसरा सापडेना.

खरंच सापडेना. मी टेबलाकडं बघितलं, भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं. तो शब्द साधा होता, रोजचा होता, एवढंच आठवत होतं. घामानं माझा सदरा पाठीला चिकटला. "असू द्या आजोबा," त्या म्हणाल्या, अगदी सम्यकसारखं. ऋतुराजला त्यांनी सांगितलं की डोक्याची मोठी तपासणी करून घेऊ, कदाचित सुरुवात असेल, कदाचित नुसतं मनावरचं ओझंही असेल. नक्की आताच सांगता येत नाही.

ऋतुराज मला गाडीतून परत आणत होता. दौलताबादचा घाट चढताना मला एकदम तो शब्द आठवला. डोंगर. समोर अख्खा डोंगर उभा होता म्हणून आठवला, त्यात माझं काही कर्तृत्व नव्हतं. आणि तेव्हा मला खरी भीती वाटली. डोंगर जाऊ शकतो, तर नालाही जाईल. मी बुजवलेला नाला माझ्या डोक्यातही बुजेल आणि मग जगात कुणाला सांगता येणार नाही. लीलाबाईची विहीर जाईल, मी ओसरीवर बसून चहा मागत राहीन, आणि लोक म्हणतील, बिच्चारे नाना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सम्यकला निरोप धाडला. तो आला तसं म्हटलं, "चल वर. दाखवतो." सुरेखा नको म्हणत असताना गाडीवर बसलो.

आभाळात ढग यायला लागले होते. खालच्या कुंपणापाशी जेसीबी उभाच होता. मी उतरलो आणि चालायला लागलो. माझ्या खुणा पक्क्या होत्या. हिवराचं झाड, त्याच्यापासून वीस पावलं पूर्वेला हद्दीचा दगड, दगडापाशी मातीचा उंचवटा, आणि त्याच्या अंगाला नाला.

हिवर नव्हता. कसा असेल? चार वर्षांपूर्वी माझ्यासमोरच पाडला होता. हद्दीचा दगड मशीननी कुठं ढकलला देव जाणे. उंचवटा खरवडून सपाट झाला होता. एका बाजूला कुंपणाची जाळी आणि दुसऱ्या बाजूला प्लेटांची रांग. पन्नास पावलं गेलो तरी तीच जाळी, तीच रांग. मागं वळलो, तरी तेच. बुजवलेला तिसरा खड्डा दिसत होता, पण खऱ्या जागेपासून कुठल्या अंगाला आणि किती पावलं लांब मी काठी टेकवली होती, हेच आठवेना. ते आठवलं असतं तरी तिथून मोजता आलं असतं. चाळीस वर्षं कसलेल्या माझ्याच रानात मी पाहुण्यासारखा उभा होतो.

"नाना?" सम्यक मागं होता.

"मीच बुजवला तो," मी म्हणालो. "ऐक. नाला मी बुजवला. दोन उन्हाळे दगड टाकले. पाणी तुझ्या आजाच्या रानात मी वळवलं. तिसरा खड्डा मी जाणूनबुजून चुकीचा दाखवला. मला सगळं ठावं व्हतं. पण आता जागा सापडंना रे. खरंच सापडंना."

मला वाटलं होतं तो चिडेल, निदान मागं सरकेल. त्यानं माझा दंड धरला. "नाना, बसा जरा. ऊन लागलं तुम्हाला." आणि मला टेकवून त्यानं फोन लावला. "सुरेखाकाकू, नाना काहीबाही बोलू राहिले. स्वतःलाच दोष देऊ राहिले. तुम्ही या वर."

मी किती ओरडलो! खरं बोलतोय म्हटलं, शपथ घेतली. जितकं ओरडलो तितका तो हळू आवाजात समजूत काढायला लागला. महिनाभर मी त्याला खोटं दिलं ते त्यानं सोन्यासारखं जपलं, आणि आता खरं दिलं तर ते घ्यायला तयार नाही. मला रडू आलं. पंच्याहत्तराव्या वर्षी, जेसीबीवाल्यासमोर.

कुंपणाच्या खाली लीलाबाईचं रान. पाच-सहा बायका तिथं घळीच्या तोंडाशी दगड रचत होत्या. माझा आवाज त्यांच्यापर्यंत गेला असणार. थोड्या वेळानं फाटकातून लीलाबाई आत आली, काठी टेकत, पदर खोचलेला, हात मातीचे. सुरेखाही गावाकडून धापा टाकत पोचली. लीलाबाईनं माझ्याकडं बघितलं नाही. नातवाला म्हणाली, "काय हुडकू राहिले तुमी?"

"नाला गं आजी. जुना. नानांना आठवंना, आन नको ते बोलू राहिले."

"त्यांना नाय सापडायचा," ती म्हणाली. "ते खाली बघून हुडकायलेत."

मग तिनं डोंगराकडं तोंड केलं आणि कुंपणाच्या कडेनं आडवी चालायला लागली. खाली बघेना, पायाखाली काय आहे त्याची पर्वा नाही. नजर वर. प्लेटांच्या वर डोंगराची धार दिसत होती, तिच्यात एक खिंड, आणि खिंडीच्या डाव्या अंगाला खुलताबादच्या दर्ग्याचा पांढरा घुमट. ती चालेल तसा घुमट सरकत होता. मीही उठून तिच्या मागं वर बघत चालायला लागलो. जन्मात कधी तिथून वर बघितलं नव्हतं. घुमट हळूहळू खिंडीपाशी आला, अर्धा आत गेला, पुरा आत गेला. लीलाबाई दोन पावलं मागं आली आणि काठी रोवली.

"हितं. घुमट खिंडीत पुरा बसला पायजे. हितं झिरा व्हता आमचा."

"झिरा?" सम्यक म्हणाला.

"नाल्याच्या तळाला. खडकातून पाणी पाझरायचं. गावच्या आडावर तवा आम्हाला भरू देत नव्हते. उन्हाळ्यात मी हितं बसून वाटी-वाटीनं हंडा भरायची. दोन-दोन तास लागायचे. वाटी भरस्तोवर काय करायचं? समोर बघायचं." तिनं घुमटाकडं हनुवटी केली. "मंग एका उन्हाळ्यात आले, तर वर दगड. तवापासून खालच्या वाडीच्या विहिरीवर जायला लागले, कोसभर."

झिरा. मी नाला बुजवला हे मला माहीत होतं. झिरा बुजवला हे मला माहीत होतं का? गाडी रिकामी करताना खाली बायका बसलेल्या असायच्या, हंडे ठेवलेले असायचे, हे मला दिसलं असणारच. आता ते हंडे अगदी स्पष्ट दिसतात, एक तर ठोकर लागून चेपलेला. पण ते तेव्हा बघितलेले आहेत की तिनं सांगितल्यावर डोक्यानं आत्ता मांडले, हे मला सांगता येत नाही. कितीदा तपासलं. एकदा वाटतं माहीत होतं, एकदा वाटतं नव्हतं, आणि नव्हतं असं वाटलं की लगेच संशय येतो, कारण ते माझ्या सोयीचं आहे.

सम्यकनं चौथा खड्डा तिथं घ्यायला सांगितलं. वरची माती निघाली, मग दगड निघायला लागले. मुरूम नव्हे, सुटे दगड, एकावर एक टाकलेले. माझेच. त्यांच्या खाली जेसीबीच्या दातांचा आवाज बदलला, कर्रकन. काळा खडक, पाण्यानं घासून गुळगुळीत झालेला. सम्यक खड्ड्यात उतरला, खडकाच्या भेगेत त्यानं हात घातला आणि बाहेर काढला. बोटं ओली होती. तो कितीतरी वेळ त्या बोटांकडं बघत राहिला, मग खड्ड्याच्या बाजूला पडलेल्या दगडांच्या ढिगाकडं, आणि मग माझ्याकडं. त्या वेळी त्याला माझं सकाळचं बोलणं पहिल्यांदा ऐकू आलं असावं. तो एवढंच म्हणाला, "सांडवा हितंच." मला नाही, जेसीबीवाल्याला.

"आजी, तू आधी का नाय सांगितलं?" त्यानं वर येत विचारलं.

"मी सांगितलं असतं तर म्हातारी जुनं भांडण उकरती म्हणले असते. ज्याची जमीन त्याला इचारत व्हते समदे. तू बी." तिच्या आवाजात राग नव्हता. "म्हटलं, नाना सांगतील. बघू, सांगत्यात का."

जेसीबीवाल्यानं विचारलं, निघालेले दगड कुठं टाकायचे. लीलाबाईनं खाली, मोतीरामच्या बांधाकडं बोट दाखवलं. पहिली खेप तिकडं गेली. चाळीस वर्षांपूर्वी मी बैलगाडीनं आणलेले दगड आता त्या बांधावर पडत होते आणि खालच्या बायका ते उचलून जागेवर बसवत होत्या. माझा एकही शब्द लागला नाही त्या कामाला.

मग लीलाबाई माझ्यासमोर आली. मी परत टेकलेलो, ती उभी. सुरेखा माझ्या खांद्यावर हात ठेवून होती.

"नाना, त्या साली सम्यकचे आजोबा तुमच्या ओसरीवर आले व्हते. पाणी कसं वळलं म्हून इचारायला. तुमी काय म्हणले व्हते, आठवतं का?"

सुरेखा घाईघाईनं म्हणाली, "मावशी, राहू द्या. त्यांना आता काही आठवत नाय."

वाट मोकळी होती. मान हलवायची, डोळे भिरभिरवायचे, चहा मागायचा. महिनाभर मी तेच करत आलो होतो आणि सगळ्यांनी ते मानलं होतं. सम्यक बोटं पुसायची थांबवून उभा होता.

"आठवतं," मी म्हणालो.

"सांगा मंग."

"पाण्याला कोण इचारतं, असं म्हणलो व्हतो. आन हसलो व्हतो."

लीलाबाईनं मान डोलावली, दुकानातला माल बरोबर निघाल्यावर डोलावतात तशी.

"म्हंजी डोकं ठीक हाय तुमचं," ती म्हणाली, आणि काठी टेकत आपल्या रानाकडं उतरायला लागली.